दापोडीचा बंगला व लष्करांतील देऊळ

पुण्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी खडकीचें ठाणें सोडून मुळा नदीवरील पूल ओलांडते, कीं लगेच दापोडी येते. शेजारच्या सडकेवर हॅरिस पूल आहे. लॉर्ड हॅरिस हा १८९० पासून १८९५ पर्यंत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. त्याचें नांव या पुलानें अजून टिकवून धरिलें आहे. पवना नदी येथेंच जवळपास मुळेस येऊन मिळते. एस्. टी. चा मध्यवर्ती कारखाना, १९४८ सालीं रुरकीहून येथें आलेलें लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आसपासच्या कारखान्यांत राबणाऱ्या लोकांची दाट वस्ती, एवढीच या गांवाची ओळख आज बहुतेकांस असते. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी याच वाटेनें पुण्यास येते. चिंचवडास मोरयाच्या दर्शनास जाणारीं आमचीं कुटुंबें दापोडीवरून शेंकडों वेळां गेलीं असतील. पण तेथें उतरून कांहीं पाहावें, असें त्यांतील कितीकांच्या मनांत आलें असेल?

आणि तरीहि तीसाहून अधिक वर्षें मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळ्यांतला मुक्काम याच गांवीं असे. त्या मुक्कामाची हकीकत सांगूं गेल्यास ती दापोडींतच संपत नाहीं. ती पांच-सहा मैलांवरील पुण्याच्या लष्करांत, सेंट मेरीच्या ख्रिस्ती देवळांत जाऊन पोहोंचते. एक राहण्याचें घर, दुसरें प्रार्थनेचें. घरांतील माणसें बदलत गेलीं आणि त्याचें महत्त्व ओसरलें. देवळानें मात्र आलेल्या-गेलेल्यांची नोंद ठेविली. या दोन वास्तूंची हकीकत आज आम्ही वाचकांस सांगणार आहों. ती सांगतांना, कोणाचें नांव मागें राहतें आणि कोणाचें पुसलें जातें, हा प्रश्न आपोआप पुढें येतो. आणि तो प्रश्न आमच्या घराघरांचा आहे.

दापोडीच्या बंगल्याचा आरंभ पेशवाईच्या अखेरच्या दिवसांतला आहे. दुसऱ्या बाजीरावानें १८१२-१३ च्या सुमारास आपल्या पदरीं कवायती पायदळ उभें केलें. शिपाई पेशव्यांच्या पगाराचे, परंतु अंमलदार इंग्रज, अशी त्याची घडण होती. त्याचा मुख्य कॅप्टन फोर्ड. या फौजेची छावणी दापोडीस पडली आणि फोर्डनें तेथेंच आपल्यासाठीं बंगला बांधिला. पुण्याच्या दरबारीं त्याचें जाणेंयेणें असे. दरबारांतील एक कारभारी मोरोपंत दीक्षित यांच्याशीं त्याचा विशेष स्नेह जडला. एक वैदिक घराण्याचें नांव लावणारा ब्राह्मण कारभारी, दुसरा समुद्रापलीकडून आलेला शिपाईगडी. पण मैत्रीस अशा गोष्टींची अडचण होत नाहीं, हें आमच्या लोकांस सांगावयास नको.

१८१७ च्या शरदांत पेशवे व इंग्रज यांच्यांतील तेढ विकोपास गेली. पुढें मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ त्या काळीं एल्फिन्स्टनच्या हाताखालीं होता. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत या दोन स्नेह्यांची गोष्ट आली आहे. युद्ध टळत नाहीं असें पाहून मोरोपंतांस मित्राच्या जिवाची काळजी लागली आणि त्यानें या झगड्यापासून अलिप्त राहावें, असा त्यांनीं प्रयत्न केला. फोर्ड आपल्या लोकांस सोडणें शक्य नव्हतें; मोरोपंतहि आपल्या धन्यास सोडणारे नव्हते. तेव्हां दोघांनीं आपसांत एक करार केला: जय ज्याच्या पक्षाचा होईल त्यानें दुसऱ्याच्या कुटुंबाचें रक्षण करावें. राज्यें जाण्यायेण्याच्या त्या धामधुमींत दोन गृहस्थांनीं प्रथम विचार केला तो बायकामुलांचा.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या माळावर लढाई झाली. एल्फिन्स्टन संगमावरील रेसिडेन्सी सोडून नदीपलीकडे गेला व ती रेसिडेन्सी जळून खाक झाली. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. बापू गोखल्यांनीं घोडदळ पुढें घातलें, पण वाटेंत चिखलाची पाणथळ लागून घोडे रुतले आणि चढाईचा जोर मोडला. फोर्डची फौज दापोडीहून निघून इंग्रजांच्या मुख्य फौजेस येऊन मिळाली. त्याच दिवशीं मोरोपंत दीक्षित रणांत पडले. आणि ज्या तोफेनें त्यांचा प्राण घेतला, ती त्यांच्या स्नेह्याच्याच फौजेबरोबरची होती, असें ग्रँट डफ लिहितो. आमच्या महाभारतांत असे प्रसंग पुष्कळ आहेत. पण तो इतिहास फार जुना म्हणून आपण तो डोळे कोरडे ठेवून वाचतों. हा प्रसंग मुळेच्या कांठचा आहे आणि त्यास अवघीं दोनशें वर्षें झालीं आहेत.

पुढील वर्षीं, १८१८ च्या जून महिन्यांत, बाजीराव सर जॉन मालकम याच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लक्षांचें वर्षासन ठरवून मालकमनें त्यास बिठूरकडे रवाना केलें. दैवगति अशी कीं, हाच मालकम १८२७ सालीं मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. मुंबईच्या पावसाळ्याचा त्रास चुकविण्यासाठीं गव्हर्नरास देशावर एखादें घर हवें होतें. मालकमनें १८२८ सालीं सरकारासाठीं घेतलें तें फोर्डचेंच दापोडीचें घर. पेशव्यांच्या फौजेच्या सरदारानें बांधिलेल्या बंगल्यांत, पेशव्यांस राज्याबाहेर घालविणारा राहूं लागला. दगडविटांस या गोष्टींचें कांहीं वाटत नाहीं. वाटावयाचें तें आपणांस.

येथून दापोडीचे भाग्याचे दिवस सुरू झाले. आषाढ-श्रावणांत गव्हर्नर येथें असे. मुंबईचे कागद येथें येत, हुकूम येथून सुटत. बंगल्याभोवतीं सरकारी वनस्पतिबाग लागली. तिची हकीकत पुढें येईल. येथें राहून गेलेल्या गव्हर्नरांपैकीं ज्याचें नांव या गांवाशीं कायमचें जोडलें गेलें, तो सर रॉबर्ट ग्रँट होय. इतिहासकार ग्रँट डफ निराळा आणि हा निराळा, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

रॉबर्ट ग्रँटचा जन्म बंगाल्यांतला. बाप चार्लस ग्रँट कंपनीच्या कारभारांतील मोठा अधिकारी व कट्टर धर्मनिष्ठ. रॉबर्ट विलायतेस शिकला, वकील झाला व पार्लमेंटांत गेला. तेथें त्यानें केलेली एक गोष्ट आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडांत त्या काळीं यहुदी लोकांस पार्लमेंटांत बसतां येत नसे. स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती असून यहुद्यांवरील हीं बंधनें काढावीं, असें बिल ग्रँटनें १८३० सालीं आणिलें. तें फेंटाळलें गेलें. १८३३ सालीं त्यानें पुन्हां प्रयत्न केला. या वेळीं खालच्या सभेनें तें मान्य केलें, वरच्या सभेनें अडविलें. यहुद्यांस तो हक्क मिळावयास १८५८ साल उजाडावें लागलें. आमच्या कोंकणांत तेल गाळणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ पिढ्यान्‌पिढ्या निर्वेधपणें नांदत आले आहेत. त्यांच्याच धर्मबंधूंसाठीं विलायतेंत एवढा झगडा करावा लागला, हें वाचून आमच्या घरांतील मुलांस नवल वाटेल. आपल्या धर्मावर पक्की निष्ठा असलेला मनुष्य परधर्मीयांच्या हक्कासाठीं भांडूं शकतो, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे.

हा ग्रँट १८३५ सालीं मुंबईचा गव्हर्नर झाला. त्यास काव्याचा नाद होता. त्यानें रचिलेलीं प्रार्थनागीतें त्याच्या मृत्यूनंतर, १८३९ सालीं, त्याच्या भावानें प्रसिद्ध केलीं आणि त्यांतील एकदोन आजहि ख्रिस्ती मंदिरांतून जगभर गाइलीं जातात. मुंबईस त्याच्या नांवाचा रस्ता आहे. वैद्यक शिकविणारें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें तें त्याच्या स्मरणार्थ, सर जमशेटजी जीजीभाईंच्या उदार साहाय्यानें. १८५१ सालीं तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत डॉ. भाऊ दाजी लाड होते, हें सर्वांस ठाऊकच आहे. परंतु हें कॉलेज पाहण्यास ग्रँट जिवंत नव्हता. ९ जुलै १८३८ रोजीं, भर पावसाळ्यांत, दापोडीच्या बंगल्यांत त्याचा अंत झाला. आणि त्यास मूठमाती मिळाली ती लष्करांतील सेंट मेरीच्या देवळीं.

आतां या देवळाकडे वळूं. पुण्यांतील पहिलें ख्रिस्ती देऊळ इंग्रजांनीं बांधिलें, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७९२ सालीं, पेशव्यांच्या चाकरींतील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठीं सरकारानें जागा दिली. आज ज्यास सिटी चर्च म्हणतात, तें रोमन कॅथलिक पंथाचें देऊळ त्याच जागेवर आहे. आपल्या फौजेंतील शिपायास त्याचा देव भजतां यावा, एवढी काळजी शनिवारवाड्यानें घेतली होती. इंग्रजांचा अंमल बसल्यावर लष्करांत त्यांच्या पंथाचें जें मोठें देऊळ झालें, तें सेंट मेरीचें. दख्खनमधील आपल्या पंथाच्या देवळांची ही जननी, असें त्या पंथाचे लोक म्हणतात.

या देवळाचा प्रतिष्ठाविधि १८२५ च्या पावसाळ्यांत झाला. त्या वेळीं सबंध हिंदुस्थान कलकत्त्याच्या बिशपच्या अधिकाराखालीं असे. मुंबईस स्वतंत्र बिशप १८३७ पर्यंत नव्हता. कलकत्त्याचा तेव्हांचा बिशप रेजिनाल्ड हेबर हा देशभर फिरत फिरत मुंबईस आला होता. तो घाट चढून पुण्यास आला आणि त्याच्या हातून हें कार्य झालें. हेबर हाहि कवि. त्यानें आपल्या प्रवासाचें वर्णन लिहून ठेविलें आहे आणि त्यांत या देवळाविषयीं मोकळ्या मनानें मत दिलें आहे. देऊळ प्रशस्त व सोयीचें आहे, पण बांधणी रुचीची नाहीं. त्यांतून बाहेरून मळकट निळा रंग देऊन तें अधिकच कुरूप केलें आहे, असा त्याचा अभिप्राय. ज्याच्या हातून प्रतिष्ठा झाली त्यानेंच असें लिहावें, याची आम्हांस मौज वाटते. पुण्याच्या छावणींतील पाद्री टॉमस रॉबिन्सन हा फारसीचा पंडित होता. हेबरनें त्यास आपल्याबरोबर घेतलें. पुढल्याच वर्षीं, ३ एप्रिल १८२६ रोजीं, त्रिचनापल्लीस हेबर एकाएकीं वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांची हकीकत याच रॉबिन्सननें लिहिली.

म्हणजे एका कवीनें प्रतिष्ठा केलेल्या देवळांत तेरा वर्षांनीं दुसऱ्या कवीस विसांवा मिळाला. ग्रँटच्या मृत्यूच्या वेळीं दापोडीच्या जवळ, नदीपलीकडे खडकीस, ऑल सेंट्स हें देऊळ अजून उभें राहिलें नव्हतें. त्याचा प्रतिष्ठाविधि मुंबईचा पहिला बिशप टॉमस कार याच्या हातून १८४१ सालीं झाला. तोंवर दापोडीच्या बंगल्यांत राहणाऱ्यांस मंगल-अमंगल कार्यासाठीं लष्करची वाट धरणें प्राप्त होतें. तरुण वाचकांपैकीं ज्यांनीं असें देऊळ आंतून पाहिलें नसेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. आमच्या देवळांत गाभारा लहान, काळोखी आणि सभामंडप त्याहून मोठा. भक्त एकेकटा येतो, दर्शन घेतो व प्रदक्षिणा घालून जातो. तेथें उपासना समुदायानें करावयाची, म्हणून मुख्य जागा मंडपास. बसावयास ओळीनें बांकें आणि बहुधा पूर्वेच्या टोंकास वेदी. भिंतींवर संगमरवरी व पितळी पाट्या असतात. अमका अंमलदार अमक्या लढाईंत पडला, अमक्याची पत्नी वयाच्या बाविसाव्या वर्षीं वारली, अमक्याचें तान्हें मूल पटकीनें गेलें, अशा मजकुराच्या पाट्या छावण्यांतील देवळांतून व स्मशानांतून वाचावयास मिळतात. जेत्यांचा डौल त्यांत आहेच; पण परक्या हवेंत मूल गमावलेल्या आईचा शोकहि आहे. तो कोणत्याहि भाषेंत सारखाच.

पाट्यांहूनहि मोलाचीं आहेत तीं देवळांतील दप्तरें. नामकरण, विवाह आणि दफन, तिहींची निराळी वही. मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, बापाचा हुद्दा. वधूवरांचीं नांवें व साक्षीदारांच्या सह्या. मृताचें वय, तारीख आणि विधि करणाऱ्या पाद्र्याची सही. गव्हर्नर असो वा साधा शिपाई, नोंद एकाच वहींत, एकाच नमुन्यावर. या नोंदींच्या नकला इलाख्याच्या मुख्य ठाण्याहून विलायतेस जात. तेथें त्या आजहि जपून ठेविलेल्या आहेत आणि दीडशें-दोनशें वर्षांपूर्वीं इकडे वारलेल्या आपल्या पणजोबाचा शोध त्यांचे वंशज त्यांवरून करितात.

आमच्याकडे असें कांहीं नव्हतें असें मात्र कोणीं समजूं नये. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आमच्या घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आल्या आहेत. आजोबा यात्रेस गेले तेव्हां त्यांनीं स्वहस्तें लिहिलेलीं मुलांनातवांचीं नांवें पाहून कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आलें असेल. पण त्या वहींत काय असतें? नांव, गोत्र, गांव. तो पुरुष काय करीत असे, कशानें वारला, कोणाच्या उपयोगीं पडला, हें त्यांत नसतें. मोरोपंत दीक्षितांची गोष्ट पुन्हां आठवा. मित्राशीं त्यांनीं केलेला तो करार आज आपणांस कशावरून कळतो? प्रतिपक्षांतील एका इंग्रजानें तो लिहून ठेविला म्हणून. त्यानें लिहिला नसता तर आपल्या इतिहासांतलें एक उदात्त पान कोरेंच राहिलें असतें.

दुसरें उदाहरण दापोडीच्याच बागेचें. मालकमनें १८२८ सालीं लावविलेली ही बाग पुढें, ग्रँटच्या मृत्यूच्या सुमारास, डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्या हातीं आली. हा स्कॉटलंडचा, मोठा कामसू मनुष्य. दापोडीस व जुन्नराजवळ हिवरें येथें त्यानें सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची लागवड केली. पूर्वीं समुद्रापलीकडून आणावीं लागणारीं औषधें त्यानें येथेंच तयार करून सरकारी दवाखान्यांस पुरविलीं. घाटावरील जंगलांची बेसुमार तोड पाहून त्यानें सरकारास वारंवार जागें केलें, आणि १८४७ सालीं मुंबई इलाख्याचा जंगलरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. याच गिब्सननें १८४७ पासून १८५० पर्यंत एका चित्रकाराकडून बागेंतील व आसपासच्या झाडांचीं रंगीत चित्रें काढविलीं. दीडशेंहून अधिक असलेलीं हीं चित्रें आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिबागेंत आहेत. ‘दापोडीचीं चित्रें’ म्हणूनच तीं जगास माहीत आहेत आणि २००२ सालीं हेन्री नॉल्टी या पंडितानें त्यांवर ग्रंथ लिहिला. पानाची शीर न् शीर, फुलाची पाकळी न् पाकळी त्या हातानें टिपली आहे. परंतु तो हात कोणाचा? पोर्तुगीज वंशाचा एक देशी चितारी, एवढीच त्याची नोंद. झाडांचीं नांवें लॅटिनमध्यें लिहिलीं गेलीं. चिताऱ्याचें नांव कोणीं लिहिलें नाहीं.

तेव्हां एकाच दापोडीच्या तीन माणसांची गति पाहा. गव्हर्नराचें नांव देवळानें, रस्त्यानें आणि कॉलेजानें राखिलें. कारभाऱ्याचें नांव शत्रुपक्षाच्या लेखणीनें राखिलें. चिताऱ्याचें नांव कोणींच राखिलें नाहीं. यांत थोर कोण व सामान्य कोण हा प्रश्न नाहीं. ज्याच्या पाठीमागें वही ठेवणारी संस्था होती, त्याचें नांव उरलें.

बंगल्याचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली. पुण्यास येणेंजाणें सोपें झालें आणि दापोडीचें साधें घर सरकारास पुरेनासें झालें. सर बार्टल फ्रीअरच्या अमदानींत गणेशखिंडीस गव्हर्नराचा नवा प्रासाद उठूं लागला. १८६४ सालीं आरंभिलेलें तें काम १८७१ पर्यंत चाललें. दापोडी सुटली, पुढें वनस्पतिबागहि गणेशखिंडीस झाली. त्या प्रासादांत आज पुणें विद्यापीठ नांदत आहे, ज्यास सावित्रीबाई फुल्यांचें नांव दिलें आहे. गव्हर्नरांचें घर विद्येचें घर झालें, हा कालाचा न्याय आम्हांस फार आवडतो. सेंट मेरीचें देऊळ मात्र होतें तेथेंच, होतें त्याच कामासाठीं उभें आहे. १९७० सालीं उत्तर हिंदुस्थानांतील निरनिराळे प्रॉटेस्टंट पंथ एक झाले, तेव्हां तें त्या एकत्रित मंडळींत आलें. तेथें आज प्रार्थनेस बसतात ते आपलेच गांवकरी, आपल्याच बाजारांत भाजी घेणारे.

एवढी जवळची वास्तु, मग आमच्या घरांतून तिची माहिती इतकी थोडी कां? कारण उघड आहे. ख्रिस्ती देऊळ म्हटलें कीं आमच्या आज्यापणज्यांच्या मनांत भीति उभी राही ती बाटण्याची. ती अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. धर्मांतरानें तुटलेलीं घरें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. पण ती भीति कोठवर गेली? पुण्यास पंचहौदावर पवित्र नाम देवालय १८८५ सालीं झालें. तेथील मिशनच्या आवारांत ४ ऑक्टोबर १८९० रोजीं कांहीं प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास जमली आणि पुढें चहा आला. कोणी प्याले, कोणीं नुसता पेला हातीं धरून ठेविला. गोपाळराव जोशांनीं तीं नांवें वर्तमानपत्रांत आणविलीं आणि गांवांत ग्रामण्य पेटलें. शंकराचार्यांकडून चौकशी झाली, प्रायश्चित्तें सांगितलीं गेलीं. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. टिळकांनीं आपण काशीस घेतल्याचें सांगितलें. ज्या गांवांत १७९२ सालीं पेशव्यांनीं ख्रिस्ती देवळास जागा दिली, त्याच गांवांत शंभर वर्षांनीं एका पेल्यावरून एवढें वादळ झालें! स्वतःच्या राज्यांत जो समाज मोकळ्या मनाचा होता, तो राज्य गेल्यावर आंत आंत आंखडत गेला. ही गोष्ट दुःखाची आहे. पण समजून घेण्याजोगी आहे. आज तें भय उरलें नाहीं. परक्याच्या देवळांत पाऊल टाकल्यानें आपला देव्हारा ओस पडत नाहीं, हें आतां घरांतील थोरांसहि पटलें आहे.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या दिवाळीच्या सुटींत घरांतील मुलांस घेऊन एक दिवस या जागा पाहाव्या. लष्करांत सेंट मेरी, क्वार्टर गेटाकडे सिटी चर्च, खडकीस ऑल सेंट्स आणि नदीच्या पलीकडे दापोडी. उपासनेची वेळ सोडून, तेथील माणसांस विचारून आंत जावें, पादत्राणें काढण्याची चाल नसली तरी आवाज हळू ठेवावा, आणि भिंतींवरील पाट्या मुलांकडून मोठ्यानें नव्हे, मनांत वाचवून घ्याव्या. मुळेच्या पुलावर त्यांस मोरोपंत दीक्षितांची गोष्ट सांगावी.

आणि घरीं परतल्यावर एक कोरी वही काढावी. जन्म, विवाह, मृत्यु एवढ्यावर न थांबतां, जो तो काय करीत असे, कोणत्या गांवीं राहिला, कोणाच्या अडचणीस धांवला, हें तिच्यांत लिहावें. बायकांचीं नांवें माहेरच्या नांवासकट लिहावीं. सासरीं नांव बदललें कीं बाईचा अर्धा जन्मच आमच्या वंशावळींतून गळून जातो. घरांत तीस वर्षें पोळ्या लाटणारी विधवा आत्या, दुकानाच्या वह्या लिहिणारा दूरचा भाचा, शेतावरचा जुना गडी, यांचींहि नांवें त्यांत यावीं. मोठ्या एकत्र कुटुंबांत अशीं माणसें पुष्कळ असतात आणि तींच सर्वांत आधीं विसरलीं जातात. लिहिण्याचें काम कर्त्या पुरुषावर टाकूं नये. त्यास वेळ नसतो. घरांतील शिकलेल्या सुनेनें अगर मुलीनें तें घ्यावें आणि माजघरांत आजीजवळ बसून विचारीत विचारीत लिहावें. आजी आहे तोंवर ही वही भरते. पुढें ती भरावयास कोणी उरत नाहीं.